पाण्याचा ढाळ

सकाळी सव्वानऊला बाबांनी पाटीवर चार ओळी लिहून आईला दाखवल्या. सून औषधांचा ट्रे घेऊन आत यायच्या आत आईने त्या ओल्या फडक्याने पुसूनही टाकल्या.

'आज जमलं नाही तर सोमवारी पोटाला भोक पाडून घ्यायचं नाही. नाकातली ही नळीपण काढायची. मी दमलो. पोरांना तू सांग.'

अक्षर वेडंवाकडं होतं, म्हणणं मात्र सरळ होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात आई या माणसाशी पडद्याच्या रंगापासून पोरीच्या लग्नापर्यंत कशाकशावरून भांडली होती. पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी भांडणार तरी कसं? घोगऱ्या आवाजात दोन-चार शब्द निघायचे, आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागायची. तिने फक्त विचारलं, "नक्की?" त्यांनी मान हलवली. "बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून त्या आवाजात तोंड दाबून रडून घेतलं. नळ बंद केला तरी गळत राहिला. तीन पिढ्या नळकाम करणाऱ्यांच्या घरातला नळ तो, त्याच्याकडे बघायला वेळ कोणाला?

त्या वर्षी जगाचं जे व्हायचं ते झालं, त्याचं गाऱ्हाणं इथे नको. या घरापुरतं बोलायचं तर बाबा पन्नास दिवस इस्पितळात होते, त्यातले एकोणीस दिवस घशात नळी घालून मशीनवर. सगळ्यांनी आशा सोडली आणि मग ते परत आले. फुप्फुसं सावरली, काठी धरून न्हाणीघरापर्यंत जाता येऊ लागलं. पण गिळणं गेलं. अख्खा माणूस परत आला आणि एवढीशी गोष्ट मागे राहिली. पाण्याचा थेंब दिला तरी ठसका लागायचा, थेंब पोटात जायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेला लागायचा. म्हणून नाकातून पोटात नळी, आणि दर चार तासांनी सुनेच्या हातून त्या नळीत पातळ अन्न. असे दोन महिने झाले. आता डॉक्टर म्हणत होते, नाकातली नळी इतके दिवस ठेवता येत नाही. सोमवारी थेट पोटातच बसवू. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी मात्र एक संधी मागून घेतली होती. आज दहा वाजता त्या स्वतः येऊन तपासणार होत्या. आतापर्यंत मोबाईलच्या पडद्यावरच भेटल्या होत्या.

"बाईंना काय सांगायचं ते सांगू दे," थोरला म्हणाला. तो बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या लांब लांब मांडत होता. "सोमवारचं ऑपरेशन होणार. मी कागदावर सही करणार."

"आधी तपासू तर दे त्यांना, दादा," धाकटी म्हणाली.

"त्यात तपासायचं काय? रोज दुपारी व्यायाम मी करून घेतो. काय होतं ते मला माहीत आहे."

"काय होतं?"

थोरल्याने खुर्ची उगाचच पुन्हा हलवली.

"नाही, सांग ना. मी रोज विचारते तेव्हा म्हणतोस, छान चाललंय. छान चाललंय तर ऑपरेशन कशाला? आणि ऑपरेशन लागणार असेल तर छान काय चाललंय?"

धाकटीचा आवाज जराही चढला नव्हता, आणि थोरल्याला राग त्याचाच येत होता. ही पोरगी एका विमान कंपनीत फोनवर बोलायचं काम करत होती. चौदा दिवसांसाठी म्हणून माहेरी आली ती आठ महिने झाले तरी मागच्या खोलीतच होती. दिवसभर लोकांना विमानं रद्द झाल्याचं सांगायचं आणि त्यांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या. एके काळी ती एका वाक्याला नऊ वाक्यं परत द्यायची. आता शिव्या देणाऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची आणि मग एकच प्रश्न विचारायची. आठ महिन्यांत हे शिकली होती आणि त्याचा पहिला मार भावाला बसत होता.

"ती बरोबर बोलतेय!" खिडकीबाहेरून आवाज आला.

खिडकीबाहेर काका होते. बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, समोरच्याच घरात राहणारे, आणि एकोणीस वर्षं न बोललेले. बाबा इस्पितळातून घरी आले त्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले, खिडकीखाली रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आत येत नाही. माझ्या अंगावर काय बसलंय कोणाला ठाऊक. इथूनच बघतो." तेव्हापासून रोज येत होते. भावाशी एक अक्षर बोलत नव्हते. बाकीच्या घराशी मात्र एकोणीस वर्षांचं साचलेलं सगळं बोलून घेत होते.

"काका, तुम्हाला यातलं काय माहीत?" थोरला म्हणाला.

"मला काही माहीत नाही. पण तू चुकतोयस एवढं माहीत आहे."

"कशावरून?"

"तुझ्या कपाळावरून. तू सहा वर्षांचा होतास तेव्हापासून खोटं बोललास की तुझ्या कपाळाला घाम येतो, पान्या."

पाना हे त्याचं लहानपणापासूनचं टोपणनाव. नटबोल्ट सोडवायचा पाना खेळणं म्हणून घेऊन झोपायचा तो. थोरल्याने कपाळ पुसलं आणि आत निघून गेला.

आत जाऊन तो मोरीच्या दाराशी उभा राहिला. काकांचं खरं होतं. त्याला घाम फुटला होता.

तीन आठवड्यांपूर्वी बाईंनी मोबाईलवर व्यायाम दाखवला होता आणि सुनेने तो कागदावर लिहून बाबांच्या पलंगापाशी भिंतीला चिकटवला होता. थंड चमचा जिभेला लावायचा, ओठ मिटायचे, हनुवटी छातीकडे न्यायची, आवंढा गिळायचा. दहा वेळा. हनुवटीच्या ओळीखाली तिने रेघ मारली होती. थोरला म्हणाला होता, "हे माझं काम. बाकी सगळं तू करतेस, एवढं मी करतो." आणि त्याने ते मनापासून केलं. एक दिवस चुकवला नाही. इस्पितळाच्या पाइपलाइनचं काम अर्धं टाकून दुपारी घरी यायचा, हात कोपरापर्यंत धुवायचा आणि बसायचा.

फक्त ती हनुवटीची ओळ त्याला पटली नव्हती. बाई शिकलेल्या असतील, पण पाण्यातलं त्यांना काय कळतं? पाणी वरून खाली जातं. नळ असो, गटार असो, ढाळ दिल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. पाइप उलटा वाकवला की तिथेच तुंबलं समजायचं. हे त्याला अकराव्या वर्षी खुद्द बाबांनी शिकवलं होतं, हातात उतार बघायची पातळी देऊन, तिच्यातला बुडबुडा कुठे थांबतो ते दाखवून. मग त्याने काय केलं, तर उशी काढली, बाबांची मान मागे टेकवली, तोंड वर केलं आणि म्हणाला, "हं बाबा, आता गिळा. चांगला ढाळ दिलाय." बाबांनीही समाधानाने डोळे मिटले होते. मिस्त्रीला मिस्त्रीचं पटलं होतं.

आणि रोज ठसका लागत होता. चेहरा लालभडक, डोळ्यांतून पाणी, पाच-पाच मिनिटं खोकला. ठसक्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून थोरला रेडिओ मोठा करायचा. बाबांचं आता काही खरं नाही, हे घरात फक्त आपल्याला कळलंय असं त्याला वाटत होतं. हे दुःख आपण एकट्याने गिळावं, इतरांना सांगू नये, म्हणून तो 'छान चाललंय' म्हणायचा आणि ऑपरेशनचा हट्ट धरायचा. यात वाईट हेतू कुठेच नव्हता, म्हणून तर ते इतके दिवस खपून गेलं.

बाई दहाला पाच कमी असताना आल्या. चण लहान, अंगावर निळा झगा, तोंडाला मास्क आणि त्यावर पारदर्शक ढाल, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे. खिडक्या उघड्या आहेत ना ते आधी पाहिलं. मग स्टुलावर एकेक वस्तू मांडली. पाणी घट्ट करायची पावडर, कप, लहान चमचा, बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा, स्टेथोस्कोप. सून बाबांच्या पाठीशी उश्या लावत होती, आई पायांशी उभी होती, धाकटी दारात, थोरला सगळ्यांच्या मागे आणि काका डबा सरकवून पलंगाशेजारच्या खिडकीत.

"आजोबा, तीन चमचे," बाई म्हणाल्या. "एवढंच. साधं पाणी फार पळतं, म्हणून थोडं घट्ट केलंय. तिन्ही नीट गेले तर ऑपरेशन थांबवा असं मी आजच कळवते आणि तोंडाने सुरू करू. नाही गेले तर तो कोणाचा दोष नाही. मग सोमवारी पोटातून. चालेल?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पलंगाची कड घट्ट धरली. सोमवारी काहीच होणार नव्हतं, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. पोरांना कसं सांगायचं याचे शब्द ती सकाळपासून जुळवत होती आणि ते जुळत नव्हते.

बाईंनी पहिला चमचा जिभेवर ठेवला. "हं, आता हनु..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबांनी तीन आठवडे जसं शिकले होते तशी मान झटकन मागे टाकली.

ठसका नव्हता तो, आकांत होता. बाबांचं सगळं अंग हललं. चिमट्यावरचा आकडा शहाण्णव होता तो नव्वद झाला, एकोणनव्वद झाला. बाईंनी त्यांना पुढे वाकवलं, पाठीला हात दिला, "खोका, खोका, बाहेर येऊ द्या," म्हणत राहिल्या. आईने डोळे मिटून घेतले. खिडकीत काकांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. "भाऊ," ते म्हणाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "ए भाऊ, श्वास घे रे!"

चार मिनिटांनी आकडा पंचाण्णववर आला.

"आजोबा," बाई हळूच म्हणाल्या, "मान मागे का टाकलीत? कोणी शिकवलं?"

सुनेने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. बाबांची नळी कधी तुंबते, कधी मळमळतं, झोपेत कुठल्या कुशीवर श्वास मोकळा होतो, हे सगळं तिला पाठ होतं. ती जायची ते वाचनालय बंद पडल्यापासून पुस्तकांऐवजी हे एकच पुस्तक ती रात्रंदिवस वाचत होती. एका क्षणात तिला कळलं. रेडिओ का मोठा व्हायचा तेही कळलं. पण ती बोलली नाही. हे त्याने बोलायला हवं होतं.

आता या घराची एक रीत सांगायला हवी. गळती कुठेही सापडो, ती आपल्या आधी काम करून गेलेल्या मिस्त्रीची. आपली कधीच नाही. आजोबांपासून हे चालत आलेलं. बाबा आणि काका वेगळे झाले ते याच्याच पायी. दोघांनी मिळून एका शाळेची टाकी बसवली होती, तिचा एक जोड सुटून तीन वर्ग भिजले. याने त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याने याच्याकडे, आणि धंदा दुभंगला. थोरल्याने बावीस वर्षांच्या कामात एकदाही 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. ते शब्द कसे उच्चारतात तेच त्याला माहीत नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

सगळे वळले.

"मी शिकवलं. मी त्यांची मान मागे टेकवायचो. रोज. मला वाटलं, ढाळ द्यायला हवा." त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "रोज ठसका लागत होता. मी रेडिओ लावायचो. मला वाटलं, बाबांना जमत नाहीये. बाबांना जमलं असतं. माझं चुकलं. सगळं माझंच चुकलं."

धाकटीच्या तोंडाशी नऊच्या नऊ वाक्यं आली होती. तीन आठवडे! बापाच्या जिवाशी खेळलास आणि वर ऑपरेशनची सही करायला निघालास! पण तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ते हात रुमालाला पीळ घालत होते. तिने ओठ मिटले आणि एक खुर्ची त्याच्यापाशी सरकवली. आपण हे करू शकतो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सून मात्र बोलली. "कागद भिंतीवर होता. रोज तुमच्या डोळ्यांसमोर. मी लिहिलाय म्हणून वाचला नाहीत का?"

"वाचला," थोरला म्हणाला. "पटला नाही."

"विचारायचं तरी."

"हो. विचारायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं."

लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यात हे वाक्य सुनेने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने नुसतंच पांघरूण सारखं केलं.

तेवढ्यात पलंगावर हालचाल झाली. बाबांनी उजवा हात वर केला होता. पंजा सपाट धरला आणि मग बोटांच्या बाजूने किंचित खाली झुकवला. ढाळ. अकरा वर्षांच्या पोराला दाखवला होता तसाच. मग तोच हात त्यांनी स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला.

"मला... पण," ते कसेबसे म्हणाले.

"तो म्हणतोय, त्यालाही पटलं होतं!" खिडकीतून काका ओरडले. "अरे मलाही पटलं असतं! बाई, पाण्याला ढाळ लागतोच हो. तुम्ही काहीही सांगा."

ढालीमागचे बाईंचे डोळे हसले. इतकी वर्षं त्या हे काम करत होत्या, पण अशी चूक त्यांनी पाहिली नव्हती. तीन मिस्त्री आणि तिघांचंही एकमत.

"बरं, मग एक करू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी आपापल्या गळ्यावर हात ठेवा. हे मधलं हाड आहे ना, त्यावर दोन बोटं. काका, तुम्ही पण. ठेवलीत? आता गिळा."

सगळ्यांनी गिळलं. मास्क लावलेली पाच मोठी माणसं, आपापल्या गळ्यावर बोटं ठेवून.

"काय झालं?"

"वर गेलं," धाकटी म्हणाली. "बोटांखालून वर सरकलं."

"पुन्हा."

पुन्हा सगळ्यांनी गिळलं.

"गळा म्हणजे नुसता पाइप नाही," बाई म्हणाल्या. "तिथे दोन वाटा आहेत, पुढची श्वासाची आणि मागची अन्नाची. घास आला की श्वास आपोआप थांबतो. श्वासनलिका वर उचलली जाते, तिच्यावर झाकण पडतं, मागची वाट उघडते, घास ढकलला जातो, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. सेकंदभराचाही खेळ नाही. ढाळ लागत नाही त्याला. उलटं टांगलं तरी माणूस गिळू शकतो. आणि मान मागे टाकली ना, की पुढची वाट उघडी पडते. आजोबांचं झाकण सध्या अशक्त आहे. हनुवटी खाली घेतली की त्याला आधार मिळतो."

"उलटं टांगलं तरी?" काकांनी विचारलं.

"तरी."

काकांच्या पोटात शंका राहिली तर ते काका कसले! ते डब्यावरून उतरले, चार पावलं लांब गेले, खिशातली पाण्याची बाटली काढली, मास्क खाली केला आणि भिंतीला एक हात टेकून चक्क कमरेतून खाली वाकले. डोकं गुडघ्यांपाशी. बाटली त्या अवस्थेत तोंडाला लावून त्यांनी एक घोट घेतला. आतून सगळे श्वास रोखून बघत होते. काका सरळ झाले तेव्हा नाक ओलं, कपाळ ओलं, आणि चेहऱ्यावर जे होतं ते त्या घराने कधी पाहिलं नव्हतं.

"गेलं," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "भाऊ, वर गेलं रे. चढावर गेलं. अडुसष्ट वर्षांचा झालो, आणि माझ्या गळ्यात पंप आहे हे मला आज कळतंय."

"दिवसातून पाच-सहाशे वेळा चालतो," बाई म्हणाल्या. "झोपेतसुद्धा."

कोणी हसलं नाही. थोरला गळ्यावर बोटं धरून तसाच बसला होता आणि पुन्हा पुन्हा गिळत होता. पाचशे वेळा. रोज. जन्मल्यापासून. वॉशर बदलला नाही, तेल घातलं नाही, कोणी मिस्त्री बोलावला नाही. दोन वाटा एकाच दारापाशी येतात आणि अख्ख्या आयुष्यात एवढा गोंधळ क्वचित होतो. आपण आयुष्यभर व्हॉल्व्ह बसवले आणि त्यांची फुशारकी मारली. जो हे बसवून गेला त्याच्या कामापुढे आपण कोण, असं त्याला वाटलं. तिकडे सून सासऱ्यांच्या गळ्याकडे बघत होती. दोन महिने जो गळा तिने फक्त बिघडलेला म्हणून पाहिला होता तो एकोणसत्तर वर्षं बिनतक्रार चालला होता, आणि आता मोडला तरी रोज दहा वेळा उलट्या बाजूने झगडत होता. तिला रडू आलं. रडू दुःखाचं नव्हतं. इतकं वाईट वर्ष गेलं आणि त्यात हे एवढं मोठं काही आपल्याला दाखवलं गेलं, याबद्दल आभार कोणाचे मानायचे तेच तिला कळेना, म्हणून ती रडत होती.

"शाळेची टाकी," काका खिडकीत परत येऊन म्हणाले. गजावर त्यांनी कपाळ टेकलं होतं. "जोड माझ्या हातचा होता, भाऊ. पाइपच्या आट्यांवर गुंडाळायचा धागा नीट बसला नव्हता. मला तेव्हाच दिसलं होतं. घाईत तसाच सोडला."

बाबांनी एक बोट खिडकीच्या दिशेने उगारलं.

"माहीत... होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं तर एकोणीस वर्षं बोलला का नाहीस?"

बाबांनी खांदे उडवले. आणि मग या घरात कित्येक महिन्यांत ऐकू आला नव्हता असा आवाज आला. बाबा हसत होते. नाकातली नळी हलत होती.

"आजोबा, हसू नका, बोलू नका," बाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. मग त्या गंभीर झाल्या. त्यांनी बाबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, आकडा पाहिला. "हे बघा. एवढा ठसका लागल्यावर खरं तर मी आज थांबते. पण ही परीक्षा चुकीच्या पद्धतीने झाली. छाती मोकळी आहे, आकडा वर आलाय. पंधरा मिनिटं विश्रांती. मग दोन चमचे. त्यात एकदा जरी ठसका लागला तर मी थांबणार आणि सोमवार पक्का. कबूल?"

"कबूल," थोरला म्हणाला. मग सुनेकडे बघून म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"दुपारपेक्षा सकाळीच त्यांच्यात ताकद असते," सून म्हणाली. "आत्ताच करू या."

ती पंधरा मिनिटं आईला सगळ्या पन्नास दिवसांहून मोठी वाटली. सगळे हसले होते, भाऊ भावाशी बोलला होता, पोराने चूक कबूल केली होती. पण पाटीवरचे शब्द तिने वाचले होते आणि 'बरं' म्हणून बसली होती. या माणसाला दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. ती त्यांच्या डोळ्यांत काही बदललंय का ते शोधत होती आणि तिला काही केल्या वाचता येत नव्हतं.

दुसरा चमचा बाईंनी दिला. सुनेला जवळ बोलावून तिची दोन बोटं बाबांच्या गळ्यावर ठेवली. "हनुवटी खाली, आजोबा. आणखी. छातीला टेकू दे. आता गिळा."

काही झालं नाही. बाबांच्या कपाळावरची शीर फुगली. मग सुनेच्या बोटांखाली ते हाड थरथरलं, अडलं, आणि उचललं गेलं.

"गेलं!" ती ओरडली. "गेलं, अहो, वर गेलं!"

"शू!" बाईंनी आकडा पाहिला. पंचाण्णव. हलला नाही. "आजोबा, आ म्हणा."

"आ," बाबा म्हणाले. घोगरं होतं, पण त्यात पाण्याची गुळगुळ नव्हती.

बाईंनी तिसरा चमचा भरला तेव्हा बाबांनी हाताने त्यांना थांबवलं आणि सगळ्यांच्या मागे बसलेल्या थोरल्याकडे बोट केलं.

"नको," थोरला म्हणाला. "बाबा, मी नको. माझ्या हातून काही झालं तर..."

बोट तसंच राहिलं.

तो उठला. हात धुऊन आला, पुन्हा कोपरापर्यंत. चमचा घेतला तेव्हा तो इतका हलत होता की धाकटीने पुढे होऊन त्याच्या मनगटाला खालून आधार दिला. दोघांनी मिळून चमचा नेला. लहानपणी या दोघांनी एक वस्तू मिळून कधी धरली नव्हती.

"हनुवटी खाली, बाबा," थोरला म्हणाला. "ढाळ नको. पंप आहे."

बाबांनी हनुवटी छातीला टेकली. खिडकीत काकांची हनुवटीही छातीला टेकली. खोलीतल्या प्रत्येकाने आवंढा धरून ठेवला होता. गळ्यावरचं ते हाड, दाढीच्या पांढऱ्या खुंटांमधून दिसणारं, जरासं हललं. मग सावकाश वर गेलं, वरच थांबलं, आणि खाली आलं.

आकडा शहाण्णव.

"आ म्हणा."

"आ," बाबा म्हणाले. लांब, मोकळा, स्वच्छ.

बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "मी इस्पितळाला कळवते," त्या म्हणाल्या. "सोमवारचं रद्द. नळी अजून काही दिवस राहील, पण तोंडाने आजपासून सुरू. एका वेळी दहा चमचे, मी सांगेन तसे." काका रस्त्यावर कोणाला तरी ओरडून सांगत होते. थोरला भिंतीला टेकून खाली बसला होता आणि सून त्याच्या पाठीवर हात फिरवत होती.

बाबांनी बाईंची बाही धरली.

"आणखी," ते म्हणाले. धाप लागली. थांबले. त्यांनी पुन्हा श्वास घेतला आणि बाईंकडे नाही, पायांशी उभ्या असलेल्या आईकडे बघून म्हणाले, "आणखी एक."

धाकटी हसली, काका हसले. आई मात्र पलंगाची कड धरून मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. या घरात कोणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"आई, काय झालं?" थोरला घाबरून पुढे सरकला. "सगळं नीट झालं ना आता!"

"काही नाही रे," आई म्हणाली. "भूक लागलीय त्यांना. द्या हो बाई, त्यांना आणखी एक द्या."